ग्रानादाची एक रात्र

मी चाकांची लाल बॅग बोलतेय, आणि गोड बोल असं मला कुणी सांगू नये. मुरबाड तालुक्यातल्या या घरात पाऊल टाकल्यापासून माझं डोकं फिरलेलंय.

संध्यानं मला २००७ साली कल्याणच्या दुकानातून आणलं. ती शहापूरच्या शाळेत चित्रकला शिकवायची. शिकत असताना एका पुस्तकात तिनं स्पेनमधल्या ग्रानादा शहरातल्या जुन्या राजवाड्याची भिंत बघितली होती, रंगीत नक्षीनं भरलेली. तिथं बसून ती नक्षी स्वतःच्या हातानं काढायची, हे एकच वेड तिनं उराशी धरलं होतं. दोघा भावांची हायवेलगतची जमीन विकली गेली, हातात पैसा आला, तेव्हा तिचा नवरा महेंद्र पहिल्यांदा "चल" म्हणाला. तिनं माझ्यात आधी रंग ठेवले, मग कपडे. मला ती आवडली. त्या घरात आवडण्यासारखं दुसरं कुणी नव्हतंच.

महेंद्र निघाला म्हटल्यावर थोरला भाऊ सदानंद मागं राहतोय होय! दोघांमधून विस्तव जात नव्हता, पण त्यानं बघितलं नि मी नाही, हे कुणालाच सोसवत नव्हतं. मग काय, ओटीवर नकाशा पसरून दोघं भांडायला बसले.

"माद्रिदला तीन रात्री? तुला बैल बघायचेत म्हणून?" सदानंद म्हणाला. "मग बार्सिलोनात मला पन तीन पायजेत."

"का? म्हशाच्या बैलांच्या जत्रेत पन तू असंच केलंस. स्वतः बघायचं नाय नि मला बघू द्यायचं नाय!"

या घराची वाटणीची रीत ऐका. अख्खं शेत एकाला जात नाही. प्रत्येक शेत उभं चिरायचं नि अर्धं अर्धं घ्यायचं. पट्टे इतके अरुंद की नांगर वळवायला जागा नाही, तरी दुसऱ्याला जास्त मिळालं नाही म्हणून दोघं खूश! स्पेनचंही त्यांनी तसंच केलं. पाच शहरं, प्रत्येकात एकच रात्र.

"मला ग्रानादात चार दिवस हवेत," संध्या म्हणाली. "मला तिथं बसायचंय, नुसतं बघायचं नाय."

"तुला चार दिले तर दादा पन चार मागल. गप बस गो," महेंद्र म्हणाला.

झालं! कोंबा, ओढा, काढा, परत कोंबा. माद्रिदला बैल दिसले नाहीत, सेव्हिलला शहरच दिसलं नाही. माझं एक चाक तिथल्या दगडी गल्लीत गेलं, आणि शिव्या मलाच.

ग्रानादाला पोचलो तेव्हा संध्याकाळ होऊन राजवाडा बंद झाला होता. सकाळी सदानंद दारात येऊन उभा राहिला, गाडीची वेळ झाली म्हणून. संध्या पलंगावरून हलली नाही.

"मी इथंच राहते," ती म्हणाली. "विमानाच्या दिवशी बार्सिलोनाला येईन. तुमी पन राहा ना."

महेंद्र तिच्याकडं बघत उभा राहिला. माझी आशा पालवली, खोटं कशाला बोलू? मग त्यानं दारातल्या भावाकडं बघितलं. "म्हंजे दादा एकटाच फिरल," तो म्हणाला, आणि त्यानं मला पलंगावर उलटं केलं. तिच्या साड्या, तिचे रंग, सगळं बाहेर सांडलं. "राहा मग!" स्वतःचे शर्ट कोंबून तो मला ओढत निघाला. मला हात असते तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती.

पुढच्या दोन शहरांत दोघे भाऊ हॉटेलात पाठीला पाठ लावून बसले. कुठं जायचं, हे कुणी आधी बोलेना.

विमानतळावर संध्या आली. कपड्यांचं शालीत बांधलेलं गाठोडं, काखेत चित्रांची गुंडाळी, बोटं निळी-हिरवी. चेहरा असा उजळलेला की मी तिला ओळखलंच नाही. महेंद्रनं मला पुढं ढकललं. "यात टाक सगळं."

"नको," ती म्हणाली. "ती तुमच्या वाट्याची हाय."

त्याच वर्षी तिनं शहापूरला शाळेजवळ खोली घेतली नि एकटी राहायला गेली. महेंद्र अजून पट्ट्यावरनं भावाशी भांडतो. मी माळ्यावर पडलेय, पोटात त्याचेच शर्ट कुबट वास मारतायत.

शहापूरला जाणारं कुणी असेल तर मला तिच्या दारात नेऊन टाका. तिनं आत घेतलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. तिच्या जागी मी असते, तर मीही घेतलं नसतं.