मागच्या गॅलरीतला काकाकुवा

मी काकाकुवा बोलतोय. मला पहिल्यांदा बघून माणसं हसतात. अनीसाबी मात्र रडल्या होत्या.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुवेतला असलेला त्यांचा मुलगा वाजिद फोनवर म्हणाला होता, "अम्मी, ईदला अशी चीज येतेय की घर भरून जाईल." त्यांना वाटलं, हा स्वतःच येतोय. त्यांनी त्याची खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं. दारात रिक्षा थांबली तशा ओल्या हातांनीच धावल्या. रिक्षातून वाजिदचा दोस्त अफान उतरला आणि मागून माझा पिंजरा.

"वाजिद कुठाय?"

"त्याला कुठली सुट्टी मिळते, चाची! हा बघा ना, नाचतो पण!"

मी खरंच नाचलो. दुकानात नाचलं की दाणे मिळायचे.

वाजिदने मला फोनवरच निवडलं होतं. दुकानदाराने मोबाइल समोर धरला, मी तुरा उभारला आणि सौदा झाला. मी बोलतो का, हे वाजिदने विचारलं. माझ्याशी दिवसभर कोण बोलेल, हे विचारलं नाही. आमची जात थव्यात राहणारी. नीट सांभाळलं तर आम्ही कित्येक वर्षं जगतो, एवढी वर्षं एकट्याने काढायला आम्ही शिकलेलोच नसतो.

अनीसाबींनी माझं नाव नवाब ठेवलं. दाणापाणी वेळेवर द्यायच्या. पण रोह्यातलं ते घर फार शांत होतं. वरच्या खोल्यांना कुलपं, सोफ्यावर प्लास्टिक, धाकटी मुलगी सफा शिकायला दिल्लीत. अनीसाबी गुडघे धरत हळूहळू चालायच्या. फक्त वाजिदच्या फोनची धून वाजली की धावायच्या.

मला एवढंच कळलं, की ती धून वाजली की त्या येतात. मी धून शिकलो.

पहिल्यांदा त्या हसल्या. "मेल्या, फसवलंस!" दुसऱ्यांदा फोन उचलून बघितला आणि परत ठेवला. मग एका दुपारी न्हाणीतून धावत आल्या आणि घसरून पडल्या. गुडघा सुजला. माझा पिंजरा मागच्या गॅलरीत गेला, वर जुनी चादर पडली.

तिथेही मी धून काढायचो. कोणी यायचं नाही. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी छातीची पिसं उपटू लागलो. वाजिदचा खरा फोन आला की अनीसाबी चादर थोडी वर करून फक्त माझा तुरा दाखवायच्या. "एकदम मजेत हाय. मी पण मजेत हाय."

मग सफा शिक्षण संपवून परत आली. तिने चादर ओढली आणि माझी उघडी छाती बघून ओरडलीच.

"अम्मी, हे काय!"

"आजारी हाय. औषध दे."

सफाने मला पेणच्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. "तो आजारी नाही, अम्मी. एकटा आहे."

"एकटं राहून कोण मरत नाय गो," अनीसाबी म्हणाल्या आणि आत गेल्या.

सफा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पेणला सुशील नावाचे कोणी होते, त्यांच्याकडे आणखी काकाकुवे होते, मोठी जाळी होती. ते मला ठेवून घ्यायला तयार झाले. रात्री जेवताना तिने सांगितलं. अनीसाबी म्हणाल्या, "ने उद्याच. डोकं खातो ओरडून."

तुम्ही कधी आमच्यातला कोणी घ्यायला गेलात तर तुरा बघू नका, नाच बघू नका. आधी आपलं घर आठवा. दुपारी तिथे कोण असतं? कोणीच नसेल तर आम्हाला दुकानातच राहू द्या. तिथे निदान शेजारी कोणी ओरडत असतं.

सकाळी रिक्षा आली. सफाने पिंजरा उचलला. मला आपल्यासारखे पक्षी भेटणार होते, पण ते मला कुठे ठाऊक? मी घाबरलो, आणि येत होतं तेवढंच केलं. धून काढली.

आतून भिंत धरत अनीसाबी धावत आल्या.

"अम्मी, फोन तर तुझ्या हातातच आहे," सफा म्हणाली.

खरंच होता. पडदा काळा, गप्प. अनीसाबींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फोन त्यांनी सोफ्यावर पालथा ठेवला.

"रिक्षा परत पाठव."

"अम्मी, तिथे त्याला सोबत मिळेल."

"आणि इथं मी काय मेलेय? चुलीपाशी ठेव त्याला. माझ्यासमोर."

"स्वयंपाकघरातला धूर त्याला चालत नाही."

"मग मीच बाहेर बसते."

त्यांनी सुपात तांदूळ घेतले आणि पडवीत माझ्या पिंजऱ्याशी येऊन बसल्या. खडे वेचता वेचता म्हणाल्या, "आता बोल, नवाब. ते फोनचं नको. दुसरं काय येतं तुला?"

मला दुसरं काहीच येत नव्हतं. मग त्यांनीच बोलायला सुरुवात केली.