बदलाचं कारण: लग्न

आमच्या माध्यम परवाना कार्यालयात मालकी बदलाचा अर्ज आला, की 'कारण' या रकान्यात बहुधा विक्री नाहीतर मृत्यू असं लिहिलेलं असतं. या अर्जात 'लग्न' लिहिलं होतं. मी सुनावण्यांची टिपणं लिहिते. अठरा वर्षांत हे कारण पहिल्यांदाच पाहिलं.

अर्जदार दोन. शहरातल्या एकुलत्या एक दैनिकाचे मालक-संपादक, वय अठ्ठावन्न, आणि एकुलत्या एक रेडिओ केंद्राच्या मालकीणबाई, वय त्रेपन्न. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झालेली. ओळख झाली ती भांडणातून. आपल्या पेपरातल्या बातम्या हा रेडिओ सकाळी फुकटात वाचतो, म्हणून संपादक तावातावानं स्टुडिओत गेले. लाल दिवा लागलेला होता, त्यामुळे तासभर बाहेर तोंड मिटून बसावं लागलं. बाई येईपर्यंत राग निवला. पुढच्या आठवड्यात ते परत गेले, भांडायला काहीही नसताना.

अडचण नियमाची होती. एका शहरातला पेपर आणि रेडिओ एकाच कुटुंबाच्या हाती असू नये. नियम चांगला आहे. एकानं थाप मारली तर दुसऱ्यानं पकडावी, एवढंच त्याचं म्हणणं.

सुनावणी मॅडमपुढे झाली. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य अधिकारी. त्यांना विनोद कळतो, पण त्या तसं दाखवत नाहीत.

"लग्नानंतर एकमेकांच्या बातम्यांत ढवळाढवळ करणार नाही, हे कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"हे माझं ऐकतात कुठे?" बाई म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीला भेग पडली, आम्ही सांगितलं. यांनी छापलं, ओरखडा."

"ओरखडाच होता," संपादक म्हणाले.

"हात आत जात होता!"

"तुमचा. माझा जात नव्हता."

मॅडमनी मला नोंद घ्यायला सांगितली. 'भेग की ओरखडा, मतभेद कायम' असं मी लिहिलं.

"आजचं भांडण हा उद्याचा पुरावा होत नाही," मॅडम म्हणाल्या. "लग्नानंतर माणसं भांडून भांडून दमतात. एकानं मालकी सोडावी."

"मी नाही सोडणार," बाई म्हणाल्या. "आणि यांनी सोडली, तर दिवसभर रिकामा बसलेला माणूस मला घरात नको."

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडून 'कुटुंब'ची व्याख्या वाचली. परत वाचली. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "लग्न केलं नाहीत, तर नियमाची हरकत नाही. एका घरात राहिलात तरी."

मागच्या खुर्चीवर संपादकांच्या आई बसल्या होत्या, वय शहाऐंशी. "म्हणजे सरकारच सांगतंय, असंच राहा म्हणून?"

"सरकार सांगत नाहीये, आजी. सरकार फक्त हरकत घेत नाहीये."

"माझी आहे," आजी म्हणाल्या.

ती हरकत कुठल्याच कलमात बसत नव्हती. तरी मी लिहून घेतली.

आजींच्या शब्दाबाहेर जायची दोघांची प्राज्ञा नव्हती. अर्ज मागे घेतला गेला. 'अर्जदार हे परस्परांचे प्रतिस्पर्धी असून तसेच राहतील,' असा आदेश मॅडमनी काढला. संपादक संध्याकाळी बाईंकडे जेवायचे आणि नऊला आपल्या घरी जायचे.

दीड वर्षानं दोघं पुन्हा आले. संपादक पार वाळले होते, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. हृदयाचं ऑपरेशन झालं होतं.

"हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता," बाईंनी सांगितलं. "खोटं कसं लिहायचं? तुमच्या आदेशात होतं तेच लिहिलं. प्रतिस्पर्धी."

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मग काय, आत सोडलं नाही. चार दिवस काचेतून बघितलं."

बाई एरवी माईकसमोर असल्यासारखं खणखणीत बोलतात. शेवटचे दोन शब्द मला नीट ऐकू आले नाहीत. अंदाजानं लिहिले.

संपादकांनी कागद पुढे केला. पेपर ते आपल्या बातमीदारांच्या सहकारी संस्थेला देऊन टाकत होते, स्वतःकडे एक शेअरही न ठेवता. "रिकामा माणूस चालेल का, ते यांना विचारून ठेवलंय," ते म्हणाले.

"चालवून घेईन," बाई म्हणाल्या.

निर्णयाला तीस दिवसांची मुदत असते. मॅडमनी चष्मा पुसला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि मला म्हणाल्या, "शिक्का आणा."

लग्नाला आम्ही दोघी गेलो. आजींनी मॅडमना पुढच्या रांगेत बसवलं.

आता संपादक दिवसभर घरी रेडिओ ऐकतात. श्रोता म्हणून तक्रार करायचा हक्क कुणालाही आहे आणि ते महिन्याला एक करतात. मागची तक्रार अशी होती, की निवेदिका 'हवामान' म्हणताना 'वा' गिळते. नियमाप्रमाणे आम्ही ती केंद्राच्या मालकांकडे पाठवतो आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर येतं, ते तक्रारदाराला कळवतो. दोघांचा पत्ता एकच आहे. पाकिटं मात्र दोन जातात.