पोखरलेला रेडिओ

रेलीन हॉकिंगने दुरुस्तीला आलेल्या रेडिओचं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. वास उंदरांचा असता तर तिला काहीच वाटलं नसतं. ऑस्ट्रेलियातल्या या हॉर्शमच्या आसपास शेडमध्ये पडून राहिलेल्या गाड्यांच्या रेडिओत उंदरांचा संसार असायचाच. हातमोजे घालायचे, घरटं उपसायचं आणि कामाला लागायचं. हा वास जळक्या प्लास्टिकचा होता. आत काचेचे व्हॉल्व्ह नव्हते, कॉइल नव्हती, काहीच नव्हतं. रिकाम्या डब्याच्या तळाशी काड्यापेटीएवढी सर्किटची एक हिरवी पट्टी होती आणि तिच्यावर ग्लू गनचा पिवळट गोंद भसाभस ओतलेला होता. सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली असतो तसा त्याचा ओघळ कडेपर्यंत आला होता.

"मधमाश्यांचं पोळं निघालं की काय?" डॅमियन कॉस्टिगनने विचारलं. तो शेजारच्या स्टॉवेल गावचा गुरांचा डॉक्टर. एकोणसाठ सालची निळी होल्डन गाडी त्याने नुकतीच घेतली होती आणि तिचा रेडिओ काढून घेऊन आला होता.

"पोळं परवडलं असतं. तक्रार काय आहे तुमची?"

"फोनवरची गाणी लागतात, पण मागे सारखं कुईं कुईं चालतं. गाडी पळवली की ते जास्तच किंचाळतं."

"आणि स्टेशनं?"

"काटा फिरतो नुसता. विकणारा तर म्हणाला होता, मूळ रेडिओला धक्का न लावता ब्लूटूथ बसवलंय."

रेलीनने झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख होती, गेल्या नोव्हेंबरची, आणि खाली दोन अक्षरं. ती तिने लगेच ओळखली. अक्षरं मर्व्ह टल्लकची होती. सतराव्या वर्षी ती त्याच्या दुकानात लागली तेव्हा त्यानेच सांगितलं होतं, केलेल्या कामात नाव घालायचं, म्हणजे घाण काम करायला हात धजत नाही.

ब्लूटूथचं तिला वावडं नव्हतं. तिने स्वतः कितीतरी बसवली होती. आवाजाच्या बटणाशी दोन तारा जोडायच्या, पट्टीला वीज वेगळी गाळून द्यायची आणि डॅशबोर्डखाली एक खटका बसवायचा. खटका इकडे केला की फोन, तिकडे केला की रेडिओ. मूळच्या एका स्क्रूलाही हात लावावा लागत नाही. फक्त दीड दिवस मान मोडून बसावं लागतं.

दुपारी ती मर्व्हच्या शेडवर गेली. तो स्टुलावर बसून खिमा भरलेली पेस्ट्री सॉसबरोबर खात होता. ऐंशी वर्षांचा म्हातारा, पण हात अजून स्थिर होते. निदान हात थरथरतात अशी सबब असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"कॉस्टिगनने घेतलेल्या निळ्या होल्डनचा रेडिओ तुम्ही केलात, मर्व्ह?"

"निळी ना? केला असेल. मेलबर्नचा एक गाड्या विकणारा आणतो. महिन्याला चार-पाच येतात."

"आतलं सगळं काढून टाकलंत."

"मग काय आरती ओवाळू त्याची? त्याला गाडी विकायची असते. दिवा लागला, काटा फिरला, फोन वाजला, की गिऱ्हाईक खूश. स्टेशन ऐकतंय कोण हल्ली?"

"मूळ रेडिओ तसाच आहे असं सांगून विकतो तो."

"ते तो सांगतो. मी नाही सांगत."

"नाव तर तुमचं आहे आत."

"सवय गं," मर्व्ह म्हणाला आणि हसला. ओठावरचा सॉस त्याने ज्या फडक्याने पुसला, तसल्या फडक्याशिवाय तो एके काळी तिला डायलच्या काचेला बोटही लावू देत नसे.

कोपऱ्यात एक पिंप होतं. रेलीनने आत डोकावलं. वीस-पंचवीस रेडिओंची आतडी एकावर एक कोंबली होती आणि वरून कुणीतरी इंजिनचं जळकं तेल ओतलं होतं. तिने कोपरापर्यंत हात घातला. गार, चिकट तेलात फुटक्या व्हॉल्व्हच्या काचा बोटांना लागल्या. बऱ्याच चिवडाचिवडीनंतर होल्डनच्या रेडिओचा, व्हॉल्व्ह-कॉइलसकट, एक धड सांगाडा हाताला आला.

"ने की," मर्व्ह म्हणाला. "शुक्रवारी भंगारवाला येणारच आहे. आणि ऐक, रविवारी माझ्यावर दोन शब्द बोलणार आहेस ना क्लबात? लांबण लावू नकोस. माझे पाय दुखतात उभं राहून."

जुन्या गाड्यांच्या क्लबने त्याला आजीव सभासद करायचं ठरवलं होतं. भाषण रेलीनने करायचं होतं, कारण ती त्याची पहिली शिष्या. सांगाडा पोत्यात गुंडाळून ती निघाली.

तेल धुवायलाच तिला एक अख्खी संध्याकाळ लागली. पुढचे तीन दिवस ती त्या सांगाड्याशी झगडली. चौथ्या दिवशी डॅमियन आला. तिने खटका रेडिओकडे केला, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबली आणि काटा फिरवला. खरखरीतून मेंढ्यांचे बाजारभाव ऐकू आले.

"अरे वा," डॅमियन म्हणाला. अर्धा मिनिट ऐकून त्याने खटका फोनकडे केला, दात पांढरे करण्याच्या पावडरीची जाहिरात लागली, आणि तो खुशीत म्हणाला, "कुईं कुईं गेलं बघा. मला तेवढंच हवं होतं."

तीन दिवस त्या तेलाने नखं काळी करून घेतल्याचा तिला त्या क्षणी वीट आला. पण रेडिओ चालू होता. तो पुन्हा बंद करून द्यायची तिची काही तयारी नव्हती.

शनिवारी क्लबची चिटणीस ग्लेनिसचा फोन आला. "भाषण तयार ना तुझं?"

"घसा बसलाय माझा," रेलीन खणखणीत आवाजात म्हणाली. ग्लेनिसने काही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर रेलीनला मर्व्हपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली. चाळीस वर्षं ज्याचं नाव अभिमानाने सांगितलं, त्याच्या तोंडावर बोलायचं सोडून ती घशाआड लपली होती.

सोमवारी सकाळी मर्व्हनेच फोन केला. "घसा बसला म्हणे. आता तर बरा वाटतोय."

"बसला नव्हता. खोटं बोलले. ते पिंप बघून मला शिसारी आली, मर्व्ह. तुमच्याबद्दल चार चांगले शब्द तोंडातून निघाले नसते."

पलीकडे खुर्ची करकरली.

"डबेच तर आहेत, रेलीन," तो म्हणाला.

"हो ना, तुमच्या लेखी आता डबेच. म्हणूनच तर तुम्हाला काही वाटलं नाही."

त्याने फोन ठेवला. हॉर्शम काही मोठं गाव नाही. खाटकाच्या दुकानात दोघं अजून समोरासमोर येतात. तो मान हलवतो, तीही हलवते, आणि आपली सॉसेजं घेऊन आधी बाहेर पडते.