नळीतले मातीचे घर

विकणाऱ्याची घाई आणि घेणाऱ्याची निकड एकत्र आली, की विवेकाला उसंत मिळत नाही. वस्तू शस्त्र असेल, तर त्या एका क्षणाच्या उणिवेचे मोल माणसाच्या देहाला द्यावे लागते.

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. सोनपेठच्या रंगनाथरावांच्या घरी मी चाळीस वर्षे राहिले. रानडुकरे उसात शिरली, की ते मला आकाशाकडे रोखून एक बार काढीत. खंडेनवमीला मला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळे. सारे घर माझ्यासमोर हात जोडी.

चार वर्षांपूर्वी ते निवर्तले. परवाना त्यांच्याच नावाचा. मला तेव्हाच पोलीस ठाण्यात जमा करायला हवे होते. पण त्यांच्या पत्नीला, मनकर्णाबाईंना, माझ्याकडे पाहवेना. मी कपाटामागे उभी राहिले. कोणी मला उघडले नाही, पुसले नाही. एका उन्हाळ्यात एक कुंभारमाशी आली. चिमूट चिमूट ओली माती आणून तिने माझ्या डाव्या नळीत घर बांधले. तिच्या गुणगुणण्याने मला सोबत वाटे. पुढे पिले उडून गेली. माती तेवढी राहिली. आपण आतून बुजलो आहोत हे मला कळत होते, पण सांगायला वाणी नव्हती.

यंदा पुतण्या योगीराजने माझे छायाचित्र फोनवरच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकले. ते पाहून पूर्णेचा धम्मानंद आला. तो निवृत्त जवान. सोमवारी त्याला बँकेत पहारेकरी म्हणून रुजू व्हायचे होते. परवाना हाती होता. स्वतःची बंदूक मात्र हवी होती.

योगीराजने काडतूस पुढे केले. "मामा, लय इचार करायलात तुमी! अंगणात एक बार काढून बघा, अन् जावा घेऊन."

"आधी बंदुकीचं तोंड भिताडाकडं कर," धम्मानंद म्हणाला.

"रिकामी हाय ओ! फौजेत हुता ना? भेता काय?"

"फौजेत हुतो म्हणूनच भेतो, बाबा."

धम्मानंदाने मला उघडले, आत काडतूस नसल्याची खात्री केली आणि नळ्या उजेडाकडे धरल्या. उजवीतून आभाळ दिसले. डावीत काळोख. तो बार निघाला असता, तर मी त्याच्या हातातच फुटले असते.

योगीराजचा चेहरा उतरला. "आईशप्पथ, मला ठावं न्हवतं, मामा."

"परवाना कुठाय हिचा?"

मनकर्णाबाईंनी कापडात गुंडाळलेली वही आणली. ती पाहून धम्मानंद म्हणाला, "काकी, ही ठाण्यात जमा करा. अशी परस्पर घेतली, तर तुमी बी अडकताल, मी बी."

"अन् तुमची नौकरी?"

त्याने मला मिटून भिंतीला टेकवले. "जाईल. दुसरी बघू."

त्यानेच ठाण्याला फोन लावून दिला. सोमवारी बँकेने दुसऱ्याला घेतले, हे मनकर्णाबाईंनी मला जमा करताना हवालदाराला सांगितले, तेव्हा मला कळले.

आता मी ठाण्याच्या कोठारात आहे. शेजारी पुष्कळ बंदुका आहेत. प्रत्येकीच्या गळ्यात एक चिठ्ठी. आम्ही एकमेकींशी बोलत नाही. रीतसर परवानगी मिळेल, जाणता कारागीर मला तपासेल, मगच मी कोणाच्या हाती जाईन.

मित्रांनो, घरात कोणी वारल्यावर शस्त्र मागे राहिले असेल, तर त्याला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि मोठ्यांनो, छायाचित्रावर विसंबू नका. विकणारा कितीही आपला वाटो, कागद, क्रमांक आणि नळी पाहिल्यावाचून पुढे जाऊ नका.

मनकर्णाबाईंना शांत झोप लाभो. योगीराजला धीर धरण्याची बुद्धी होवो. धम्मानंदाला लवकरच चांगले काम मिळो, मग त्याच्या खांद्यावर मी असेन वा नसेन. सर्वांचे मंगल होवो.