जांभळं कोपर

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरकावं. मागे बसल्यानं पुण्य कमी होत नाही, पण गोष्ट अर्धी ऐकू येते आणि घरी जाऊन माणूस उरलेली अर्धी स्वतःच्या पदरची घालतो. आज तुम्हाला वेल्समधल्या लानग्वेर गावच्या मेरेरिड प्यूची गोष्ट सांगतो. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक बाई आहे, तिची सुई आहे आणि एक किळसवाणी इमारत आहे.

मेरेरिड रफू करायची. कोट कसरीनं खाल्ला, कुंपणाला अडकून फाटला, निखारा उडून जळला की लोक तिच्याकडे आणत, आणि परत नेल्यावर भोक नेमकं कुठे होतं यावरून नवरा-बायकोत पैजा लागत. तिचा नवरा खाणीतल्या धुळीनं गेला. मागे राहिलेल्या बाईचं पोट त्या सुईवरच होतं. बाजाररस्त्यावर काळ्या दगडाच्या साध्यासुध्या दुकानांच्या रांगेत तिचं दुकान होतं आणि त्या दुकानाला एकच श्रीमंती होती, उत्तरेकडची रुंद खिडकी. गवयाला तंबोरा तसा रफूवालीला उत्तरेचा उजेड. तो भडकत नाही, फितत नाही, धाग्याचा रंग आहे तसा सांगतो.

मग एका इंग्रज कंपनीनं ती रांग विकत घेतली, पाडली आणि तिच्या जागी जुन्या ट्यूडर राजांच्या काळच्या थाटाची ‘ट्यूडर रो’ उभी केली. मोटारीतून हिंडणाऱ्या मंडळींना जुनंपुराणं बघायला आवडतं म्हणे. म्हणून कंपनीनं अगदी नवंकोरं जुनं बांधलं.

काय ते ध्यान! विटांच्या सरळ भिंतीवर बोटभर जाडीच्या फळ्या उभ्या, आडव्या, तिरक्या ठोकल्या, त्यांना डांबरासारखा काळा रंग फासला आणि मधल्या जागेत पांढरा गिलावा भरला. लांबून वाटावं, चारशे वर्षांच्या ओकच्या तुळयांनी घर पेललंय. जवळ जाऊन बोटानं ठोकलं की फळी रिकाम्या डब्यासारखी वाजायची. बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथे तर वासाही नुसता चिकटवलेला. छपराचा माथा मधोमध खचलेला होता, पण वयानं नव्हे. सुतारांना बजावून तो मुद्दाम वाकडा करून घेतला होता. वर पीळदार विटांची धुराडी, खाली चूल नाही. दर्शनी भिंतीवर एक कुळचिन्ह, त्या कुळात आजवर कोणी जन्मलेलं नाही. उन्हाळ्यात फळ्यांवरचा रंग फोडांसारखा फुगे आणि फुटून खालच्या टोप्यांवर टपके. पावसाचं पाणी फळ्यांच्या मागे शिरून कुजे, त्याचा आंबूस वास जिन्यात भरून राही.

जुन्या भाडेकरूंना आत जागा मिळाली. मेरेरिडच्या शेजारी पूर्वीसारखाच टुडनो बेब आला. हा खाटीक, चॅपेलच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या साध्या प्रार्थनाघराच्या, कारभाऱ्यांपैकी एक, आणि जिभेला हाड नसलेला. पहिल्याच दिवशी तो रस्त्यात उभा राहून मान वर करून म्हणाला, “मेरेरिड, ट्यूडर राजे मूळचे आपल्याच मुलखातले. लंडनला गेले ते परत म्हणून आले नाहीत. आता आले बघ, फळ्या होऊन.”

“हसू नकोस टुडनो. मला मळमळतंय.”

“माझ्या दुकानाचा वास असेल.”

“तुझ्या दुकानातलं मांस निदान मांस तरी असतं.”

फळ्यांवर ती थुंकली असती आणि विसरली असती. पण खिडकी? रुंद खिडकीच्या जागी आता शिशाच्या पट्ट्यांत अडकवलेली चौकट होती, शंकरपाळ्यांसारख्या तुकड्यांची. काच पिवळी, जाड, बाटलीच्या बुडासारखी फुगीर. वरचा मजला जुन्या पद्धतीचा म्हणून रस्त्यावर झुकवलेला, त्याची सावली दारात. आतल्या विजेच्या दिव्यालाही तसल्याच पिवळ्या काचेचं कंदिलाचं सोंग. भर दुपारी त्या दुकानात बसलं की काकवीच्या बरणीत पडल्यासारखं वाटे.

कंपनीचा माणूस हार्बॉटल. गुळगुळीत, हसरा, बारीक मिशीचा. ती त्याच्याकडे गेली.

“साहेब, एवढ्या एका खिडकीला साधी काच बसवा. खर्च मी करीन.”

“अहो मिसेस प्यू, सगळं चित्र बिघडेल!”

“मी चित्रात राहत नाही. दुकानात बसते.”

“होईल सवय,” तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हेच वाईट.

आता दुसरी बाजू ऐका. लानग्वेरला दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रवचनांचा उत्सव भरे. रविवार आणि सोमवार, दोन्ही दिवस. तिकडचं प्रवचन नुसतं बोलायचं नसतं. पाळक आधी घरात बोलावं तसा हळूहळू बोलतो. मग वाक्य लांबतं, आवाज वर जातो, आणि एका क्षणी बोलण्याला सूर सापडतो. तिथून पुढे तो गातो. खालून ‘आमेन’ची साथ उठते. त्या वेळी देव छपराशी येऊन बसतो असं म्हातारी माणसं म्हणत, आणि ज्यांनी ऐकलंय ते या म्हणण्याला हसत नाहीत. मेरेरिड वर्षभराचं रडू त्या दोन दिवसांसाठी राखून ठेवी. रडून, धुऊन, हलकी होऊन घरी येई.

त्या साली मुख्य प्रवचनं एलिडर गेथिन यांची होती. गळा असा की ऐकणाऱ्याच्या पाठीचा कणा ताठ व्हावा. कोट मात्र एकच, आणि गावात येताना त्याचं उजवं कोपर फाटकाच्या कडीत अडकून फाटलं. कोट अर्थातच मेरेरिडकडे आला.

जुना काळा कोट उन्हापावसानं विटून तांबूस झाला होता. आतल्या शिवणीतला धागा काढावा तर तो काळाकुट्ट, ठिगळ दिसलं असतं. तिनं रिळांची पेटी उपसली. एक रीळ कोटाशेजारी धरलं. हुबेहूब! खात्रीसाठी दारात नेऊन पाहिलं. पण दारात वरच्या मजल्याची सावली आणि आणखी एक पिवळा कंदील. तिथेही हुबेहूब. तिनं एकेक धागा विणून कोपर भरून काढलं, वरून इस्त्री फिरवली आणि समाधानानं कोट पाठवून दिला.

रविवारी चॅपेल खचाखच भरलं होतं. पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या, साधी स्वच्छ काच. गेथिन आंधळ्या माणसावर बोलत होते. “तो हातानं चाचपतो,” ते म्हणाले, “आणि ज्याला हात लागतो त्याला जग म्हणतो.” बोल लांबले, चढले, सूर लागला. “डोळे दिलेस रे प्रभू, आता उजेडही तूच दे!” गाता गाता त्यांनी उजवा हात उंच फेकला, आणि खिडकीतून आलेल्या उन्हात त्यांचं कोपर वांग्याच्या सालीसारखं चमकलं.

जांभळं!

दुसऱ्या कुठल्या रंगाचं एक वेळ चाललं असतं. पण जांभळा म्हणजे बिशपचा, इंग्रजांच्या चर्चमधल्या बड्या धर्माधिकाऱ्याचा रंग. या लोकांच्या पणज्या-आज्यांनी घरदार सोडलं होतं, पण बिशपपुढे मान वाकवली नव्हती. ‘आमेन’ची साथ थांबली. मग कारभाऱ्यांच्या बाकावरून बेब कुजबुजला, आणि त्याची कुजबूज म्हणजे चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जाणारी. “अरे, आपला गेथिन बिशप झाला की!”

चॅपेलच्या माडीवर बसलेल्यांतून खिदळणं फुटलं. गेथिननी कोपराकडे पाहिलं. सूर जो तुटला तो पुन्हा लागला नाही. उरलेलं प्रवचन त्यांनी बाजारभाव सांगावेत तसं बोलून संपवलं.

मेरेरिड त्या कोपराकडेच बघत होती. ते रीळ कुठलं, हे तिला आत्ता आठवलं. इंग्रजांच्या चर्चला जाणाऱ्या एका बाईच्या झग्यातून उरलेलं. आपली चूक झाली याची लाज होतीच. पण आपण सूर तोडला, वर्षातून एकदा लागणारा सूर, आणि तोही जांभळ्याला तांबूस दाखवणाऱ्या त्या घाणेरड्या काचेपायी, हे तिला गिळवेना. तोंडात कुजलेल्या फळीची चव आली.

बाहेर एक जण बायकोला म्हणत होता, “तुझी शाल रफूला दुसऱ्या गावी देऊ या गं. तिचे डोळे गेले.” तिनं ऐकलं. सगळ्यांनी तिनं ऐकल्याचं पाहिलं.

गेथिन तिच्यापाशी आले आणि कोट काढून तिच्या हातात दिला. “मेरेरिडबाई, उद्या मला हाच घालायचाय.”

“पाळकसाहेब, दुसऱ्या कोणाकडे द्या. लोक म्हणतायत माझे डोळे गेले.”

“डोळे गेलेत का?”

“नाहीत.”

“मग झालं तर. आज देवाचा वार, सुईला हात लावू नका. उद्या करा.”

सोमवारी सकाळी तिनं टेबल आणि खुर्ची उचलली आणि झुकलेल्या मजल्याच्या सावलीपलीकडे, भर रस्त्याच्या कडेला मांडली. स्वच्छ ढगाळ उजेड होता, रफूसाठी देवानं पाठवावा तसा. ती एकेक जांभळा धागा उसवू लागली. सुट्टीचा दिवस. मोटारी आल्या, थांबल्या, लोक उतरले, कोणी कॅमेरा काढला. चॅपेलची मंडळी जाता जाता बघत होती. बेब पाठीशी येऊन घुटमळला.

“मेरेरिड, काल माझी जीभ…”

“बाजूला हो. उजेड अडवतोयस.”

तो निमूट बाजूला झाला, आणि दुसऱ्यांनाही बाजूला करू लागला.

तेवढ्यात हार्बॉटल आला. ती भांडणाच्या तयारीनंच बसली होती. पण गृहस्थ आनंदानं टाळ्या पिटत होता.

“वा! मिसेस प्यू, काय सुचलं तुम्हाला! इमारतीत एवढीच उणीव होती. रोज बसा इथे. मी तुम्हाला लेसची टोपी आणून देतो, जुन्या काळची. आणि एक चरखा.”

“मी सूत कातत नाही. रफू करते.”

“कातायचं कशाला? नुसतं फिरवायचं.”

तिनं सुई खाली ठेवली. “आणि आत? आत उजेड देणार?”

“अहो, आत कोण बघतंय?”

तिनं मान वर करून इमारतीकडे पाहिलं. फळ्या झाल्या, धुराडी झाली, आता पोकळ म्हातारी हवी होती. उद्या आपल्यालाही ठोकलं तर डब्यासारखा आवाज येईल. तिनं गळ्यातल्या दोरीला अडकवलेली दुकानाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

“ही घ्या. हे एवढं कोपर संपवते आणि टेबल उचलते.”

“मिसेस प्यू, दुसरीकडे जाल कुठे? बाजारात एकही जागा रिकामी नाही.”

“माझ्या घोड्याच्या तबेल्यावर पेंढ्याचा माळा आहे,” बेब मधेच बोलला. “उत्तरेला गाडीभर रुंद दार. काच नाही, काही नाही. वास मात्र घोड्याचा येईल हं, आधीच सांगतो.”

“खऱ्या घोड्याचा ना?” मेरेरिडनं विचारलं.

“घोड्याला विचार. त्याला अपमान वाटेल.”

ती हसली, आणि सुई उचलली. घंटा व्हायच्या आत कोपर भरलं.

त्या दिवशी गेथिननी हात उंच केला तेव्हा कोणी कोपराकडे पाहिलं नाही, कारण पाहायला तिथे काही नव्हतं. सूर लागला तो पार दिवस कलेपर्यंत उतरला नाही. मेरेरिड अगदी मागे उभी होती. बाजारातली जागा गेली होती, थंडीत त्या उघड्या दारात बोटं आखडणार होती, आणि लोकांच्या कोटांना घोड्याचा वास आला म्हणून टोमणे ऐकावे लागणार होते. हे सगळं तिला कळत होतं. तरी ती पोटभर रडली.

मंडळी, ट्यूडर रो अजून उभी आहे. लोक अजून मोटारी थांबवून तिचे फोटो काढतात. काढोत बापडे. तुम्ही मात्र रात्री हात जोडाल, आपल्या माणसांची नावं देवापुढे घ्याल, तेव्हा एक नाव माझ्यासाठी घ्या. तबेल्यावरच्या माळ्यात, उघड्या दाराशी सुई ओवणाऱ्या मेरेरिड प्यूची आठवण ठेवा.