उत्तर लिहून आणा

शनिवारी अकराला ज्ञानेश येणार होता आणि साडेदहा वाजून गेले तरी मोहिनीबाईंचं उत्तर काही लिहून होईना. चार कागद फाडून झाले होते. तीस वर्षं लोकांना 'मन मोकळं करा' म्हणून सांगणाऱ्या समुपदेशक बाईला स्वतःची दोन वाक्यं लिहिताना घाम फुटावा, याला काय म्हणावं! पण फुटला होता खरा.

नियम त्यांचाच होता. शुक्रवारी तीन प्रश्न मोबाइलवर पाठवायचे, ज्ञानेशने उत्तरं लिहून आणायची, मग त्यावर बोलायचं. ऐनवेळी काही विचारलं की हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसे. आदल्या दिवशी कळलं की बोले, आणि चांगला तासभर बोले. काल मात्र त्यानेच उलट एक प्रश्न पाठवला होता. '२०१७ मध्ये शेवटच्या शनिवारी तुम्ही हर्षालीला एकटीला आत बोलावलं. तिला काय सांगितलं? उत्तर लिहून आणा.'

हर्षाली त्याची बायको. म्हणजे तेव्हाची.

तीच त्याला पहिल्यांदा पंचवटीतल्या या खोलीत घेऊन आली होती. ज्ञानेश ओझरला एका वर्कशॉपात तपासणीला होता. विमानाला लागणारे बारीक भाग गेजने मापायचे, मापात बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. कामात त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. घरात मात्र बायको रडायला लागली की हा ताटाकडे बघत बसे, पाहुणे आले की उठून आत जाई, बुधवारची भाजी गुरुवारी झाली की जेवत नसे. मोहिनीबाईंनी त्याला रीतसर समोर बसवलं. खाली भाजीवाल्यांचा आरडाओरडा, वर फडफडणारी ट्यूब, त्यात कुरकुरणारा पंखा, आणि बाई म्हणतायत, माझ्याकडे बघून सांगा, ती रडते तेव्हा तुम्हाला काय वाटतं? तो म्हणे, माहीत नाय. सहा शनिवार हेच चाललं. बाईंना वाटलं, हा मुद्दाम करतो. मनातून त्या चिडल्याच होत्या, आता कबूल करायला हरकत नाही.

सातव्या शनिवारी तो बाहेर बाकावर असताना हर्षालीने विचारलं, ताई, यांना सुधारायचंय की नाही, एवढंच सांगा, माझ्यात आता जीव राहिला नाही. आणि बाईंनी सांगून टाकलं. फाइलवर लिहिलं, 'सहकार्य नाही.' महिन्याभरात हर्षाली पाच वर्षांच्या निकिताला घेऊन माहेरी सटाण्याला गेली, ती गेलीच.

मोहिनीबाई विसरूनही गेल्या. मग दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाला जावं लागलं. ऑटिझम म्हणजे लहान मुलांचं काहीतरी, अशीच त्यांची समजूत. शिकवणारी पोरगी त्यांच्या लेकीच्या वयाची होती. ती म्हणाली, अशी मोठी माणसंही असतात, नोकरी करतात, संसार करतात, आणि आपल्या खुर्चीत येऊन गप्प बसतात. त्यांना आपल्या पद्धतीत कोंबू नका, पद्धत बदला. नजर मागू नका. प्रश्न आधी द्या. भावनेचं नाव येत नसेल तर शून्य ते दहा आकडा विचारा.

घरी येऊन त्यांनी जुन्या फायली काढल्या. 'सहकार्य नाही' लिहिलेल्या अकरा निघाल्या. अकराही जणांना फोन केले. एकटा ज्ञानेश आला.

आता ट्यूब बंद असे, पंखा बंद असे, दोघांच्या खुर्च्या खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी. दुसऱ्याच महिन्यात तो सांगत होता, हर्षाली रडायची तेव्हा कानात ग्राइंडर लावल्यागत व्हायचं, दहापैकी दहा, जागचा हललो असतो तर पडलो असतो. त्याच दिवशी, त्याच सुरात त्याने हेही सांगितलं की तिने दोन वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलं, माणूस चांगला आहे म्हणतात.

बरोबर अकराला तो आला. चव्वेचाळिशीचा, केस पांढरे व्हायला लागलेला, इस्त्रीचा शर्ट. शेजारी बसला आणि न बघताच हात पुढे केला. बाईंनी पाचवा कागद दिला. त्याने खिशातली पेन्सिल काढून एकेका ओळीखाली धरत सावकाश वाचला. मग वरचा भाग खोडायला लागला. त्या काळी मोठ्या माणसांतल्या ऑटिझमबद्दल फारशी माहिती नव्हती, हे खोडलं. मलाही तसं शिकवलेलं नव्हतं, हे खोडलं. मला मनापासून वाईट वाटतं, हेही खोडलं.

"हे विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

खाली दोन ओळी उरल्या. 'मी हर्षालीला सांगितलं की तुमच्या नवऱ्याची सुधारायची इच्छाच दिसत नाही. हे चूक होतं.'

त्या ओळींवर येऊन पेन्सिल थांबली. बाईंना वाटलं, आता हा उठून जाईल. जावंही, त्यांनी मनातल्या मनात म्हटलं, मी अडवणारी कोण?

"सात शनिवार पगार कापून घेऊन येत होतो मी," तो म्हणाला. "इच्छा नसती तर आलो असतो का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या ते लक्षातच आलं नाही, ज्ञानेश."

"गेजच चुकीचा असला ना मॅडम, तर चांगला माल रिजेक्ट होतो. आमच्याकडं झालंय एकदा."

"मग काय केलंत?"

"गेज बदलला. रिजेक्ट माल परत तपासायला मागवला. तो भंगारात गेला होता. वितळवला पण होता."

बाईंना रडू आलं. पण समोर रडलं की याचं काय होतं हे आता ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खिडकीबाहेर बघत ते गिळलं.

त्याने कागद परत त्यांच्यापुढे ठेवला. सही करा, म्हणाला, तारीख घाला, शिक्का मारा. कशाला हवंय, असं बाईंनी विचारलं. निकिता आता तेरा वर्षांची हाय, तो म्हणाला, अठराची झाली की देईन, म्हणजे तिला कळेल बापाला सुधारायचं होतं म्हणून.

"फोटो काढून आत्ताच पाठवा की तिला. मी बोलू का हर्षालीशी?"

"नको. त्यांचं घर आता नीट चाललंय. त्यात हे कशाला?"

बाईंनी सही केली. शिक्का मारला, तो पुसट उठला, तर त्याने दुसऱ्यांदा मारायला लावला. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसला, मग प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पिशवीत ठेवला. तास संपायला दहा मिनिटं होती, पण तो उठला.

"पुढच्या शनिवारचे प्रश्न शुक्रवारी पाठवाल ना?" दाराशी चपला घालत त्याने विचारलं.

मोहिनीबाईंनी मान हलवली. मग ध्यानात आलं, तो बघत नव्हता.

"पाठवते," त्या मोठ्याने म्हणाल्या.