आठवणीचं तीर्थ

"आठ!" मनवेलपाड्याच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. दहा वस्तूंचं ताट झाकून पंधरा मिनिटं झाली होती आणि सत्तरीच्या सावित्रीबाईंनी त्यातल्या आठ घडाघडा सांगितल्या. तीर्थ घेण्यापूर्वी पहिल्या ताटातल्या त्यांना जेमतेम तीन आठवल्या होत्या.

"मेंदूची जळमटं साफ!" स्मृतिनाथ महाराज गरजले. "आता डॉक्टरच्या गोळ्या समुद्रात! माझ्या तीर्थावर विष चालत नाही."

सावित्रीबाईंच्या नवऱ्याचे, हरिश्चंद्ररावांचे डोळे भरून आले. वर्षभर बायको दूध गॅसवर ठेवून विसरत होती. नंदाखालला घरी पोचताच त्यांनी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या खरंच फेकल्या. जन्मभर सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासलेला माणूस, पण तीर्थ तपासावंसं काही वाटलं नाही!

तीन आठवड्यांनी शेजारच्या क्लाराबाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांची उलटतपासणीची सवय गेली नव्हती.

"दुसरं ताट दाखवायच्या आधी महाराज काय म्हणाले?" सगळी हकीकत ऐकून त्यांनी हरिश्चंद्ररावांना विचारलं.

"आठ सांगेल तिला माझ्या हातची पैठणी."

"आणि पहिल्याला?"

"काहीच नाही."

क्लाराबाईंनी परातीत दहा वस्तू मांडल्या. सावित्रीबाईंना तीन आठवल्या. मग दहा नव्या मांडल्या. "आठ सांगा, ही सुकेळी तुमची!" उन्हात वाळवलेल्या त्या केळ्यांवर सावित्रीबाईंचा भारी जीव. त्यांनी आठ सांगितल्या, तीर्थाचा थेंबही न घेता.

"पहिलीच्या मुलांसोबत मी हेच करायचे. बक्षीस कळलं की माणूस मन लावून बघतो, मग लक्षात राहतं. म्हातारपणीही. पण हा आजारावरचा इलाज नाही हो, भाऊ. गोळ्या कुठायत?"

हरिश्चंद्रराव अनवाणीच औषधाच्या दुकानाकडे धावले. उशीर झाला होता. दुसऱ्याच सकाळी सावित्रीबाईंचं उजवं अंग लुळं पडलं. "दाब चढून मेंदूत रक्तस्राव झालाय," डॉक्टर म्हणाले. महिन्याने घरी आणल्यावर हरिश्चंद्ररावांनी सुकेळी पुढे धरली. "मी कोण, सांग." ती सुकेळीकडेही बघेना.

पुढच्या गुरुवारी ते हॉलमध्ये उभे राहिले आणि दोन ताटांतली लबाडी त्यांनी सगळ्यांना नीट उलगडून सांगितली.

"मग तुमच्याकडे काय औषध आहे, काका?" मागून कुणीतरी ओरडलं.

"काहीच नाही. या महाराजाकडेही नाही. मी निदान कबूल करतो." त्यांनी हात जोडले. "बक्षीस लावा, कौतुक करा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. आधी विचारा हो, कुणालाही विचारा!"

पहिल्या रांगेतल्या बाईने तीर्थासाठी ओंजळ पुढे केली.